शेळ्यांची घरपोच सोनोग्राफी, तुळजापूर-नळदुर्ग भाग: पैसे वसूल आहेत का?

पाचपैकी साडेचार स्टार देतेय. अर्धा कशासाठी कापला ते खाली येईलच, आधी सेवा काय आहे ते सांगते कारण आमच्या भागात अजून निम्म्या लोकांना शेळीची पण सोनोग्राफी होते हेच माहीत नाही. पशुवैद्यक मॅडम आहेत, हातात धरता येईल एवढं बॅटरीवरचं मशीन घेऊन शेडवर येतात, शेळीमागे 150 रुपये घेतात, आणि निदान दहा शेळ्या तरी असल्या तर येतात. कमी असतील तर शेजारच्या दोन-तीन घरांच्या मिळून करा म्हणतात, गल्लीत तसंच करतात बऱ्याच जणी. आमच्याकडं उस्मानाबादी आहेत तीसेक, मी आणि सासूबाई बघतो, नवरा बाजाराचं बघतो.

तपासणी कशी होते ते नीट लिहिते कारण मला स्वतःला हेच कुठं वाचायला मिळालं नव्हतं. शेळीला पाडायचं वगैरे काही नाही, उभीच धरायची, एकानं शिंगाला किंवा गळ्याला धरलं की पुरे. मॅडम उजव्या बाजूला बसतात, उजवीच का तर डाव्या बाजूला पोट म्हणजे रुमेन असतं, चाऱ्यानं आणि वायूनं भरलेलं, त्यातून काही दिसत नाही. कासेच्या पुढं मांडीच्या आत जिथं केस नसतात ना, तिथल्या मऊ कातडीवर जेल लावून प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, टेकवतात आणि वर आत असा तिरका दाबतात. केस कापायची गरज आमच्या शेळ्यांना पडली नाही. एका शेळीला दोन मिनिटं पण लागत नाहीत. पहिलीच शेळी जरा बिचकली, जेल गार लागतं म्हणून, बाकीच्या शेंगा खात उभ्या राहिल्या असत्या पण शेंगा द्यायच्या नव्हत्या, त्याचं पुढं.

मशीनचा पडदा मॅडम आपल्याकडं वळवून दाखवतात, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. पाणी काळं दिसतं, हाड पांढरं दिसतं, मांस करडं. गाभण पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, काळ्या पाण्यात कडेकडेनं छोट्या छोट्या गोल बांगड्या दिसतात, काही अख्ख्या काही अर्ध्या तुटलेल्या, ती म्हणजे जार आणि पिशवी जिथं एकमेकांना धरतात त्या गाठी. आणि मध्ये गर्भ, त्याच्या छातीत काहीतरी भराभर लुकलुकत असतं, ते काळीज. सासूबाईंनी आयुष्यभर पोटाला हात लावून शेळी गाभण आहे का सांगितलंय, त्यांचा हात चुकत पण नाही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पण पडद्यावर ते लुकलुकणं बघून त्या मॅडमना म्हणल्या, "बाई, एवढुशा जिवाला एवढं पळायला लागतंय व्हय?" मॅडम हसल्या आणि त्यांना खुर्ची देऊन परत दाखवलं, घाई केली नाही.

आता मुख्य मुद्दा. लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात की बोकड लावून पंधरा-वीस दिवस झाले, लगेच बोलवू का? मॅडम फोनवरच नाही म्हणतात. त्यांचं म्हणणं पोटावरून तपासायचं असेल तर किमान 35 दिवस होऊ द्या, किती करडं आहेत ते बघायचं असेल तर 45 ते 60 च्या मध्ये बोलवा. मी विचारलं की एवढं थांबायचं कशाला, आतला जीव तर पहिल्या दिवसापासून असतो ना. तर त्यांनी शेडमध्येच बसून जे सांगितलं त्यासाठी खरं तर हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय. मी बी.एस्सी. झालेय झूलॉजीत, म्हणून नंतर घरी बसून वाचलं पण, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर निघालं.

गर्भ पहिले जवळजवळ तीन आठवडे पिशवीला चिकटलेलाच नसतो. बीज फळतं ते नळीत, चार-पाच दिवसांनी ते पिशवीत उतरतं, आठवड्याभरात आपल्या कवचातून बाहेर येतं, आणि मग पिशवीच्या आत नुसतं तरंगत असतं. जार नाही, नाळ नाही, आईच्या रक्ताशी काही संबंध नाही. मग ते जगतं कशावर? तर पिशवीच्या आतल्या अस्तरात बारीक बारीक ग्रंथी असतात, हजारोंनी, त्या एक रस सोडतात, त्याला गर्भाशयाचं दूध म्हणतात. त्यात प्रोटीन असतात, साखर असते, अमिनो ॲसिड असतात, वाढीला लागणारे बाकीचे घटक असतात. तेच पिऊन ते बीज आधी गोल असतं ते दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लांबायला लागतं आणि बघता बघता दोऱ्यासारखं लांब होतं. मग तिसऱ्या आठवड्यात कुठं ते अस्तराला धरायला लागतं आणि त्या बांगड्या तयार व्हायला अजून वेळ जातो. म्हणजे विसाव्या दिवशी पोटावरून मशीन लावलं तरी पडद्यावर दिसण्यासारखं काही मोठं नसतंच. गुदद्वारातून प्रोब घालून थोडं आधी कळू शकतं, पण ते शेळीला त्रासाचं, आणि मॅडम गरज नसताना करत नाहीत.

या रसावर गर्भ किती अवलंबून असतो याचा एक प्रयोग मला लई विचार करायला लावणारा वाटला. मेंढ्यांवर झालाय, अमेरिकेत टेक्सासच्या कृषी विद्यापीठात, 2000 नंतरच्या दोन-तीन वर्षांत. नुकत्याच जन्मलेल्या मादी कोकरांना प्रोजेस्टेरॉनच्या (गाभणपण टिकवणाऱ्या हार्मोनच्या) जातीचं हार्मोन दिलं, त्यामुळं त्यांच्या पिशवीत त्या ग्रंथी तयारच झाल्या नाहीत. मोठ्या झाल्यावर या मेंढ्या माजावर आल्या, फळल्या, नवव्या दिवशी बघितलं तर बीज चांगलं होतं, आणि चौदाव्या दिवशी बघितलं तर एक तर काहीच नाही नाहीतर खुंटलेलं. बीजात दोष नव्हता, बोकडात, म्हणजे तिथं एडक्यात, दोष नव्हता. खायला मिळालं नाही एवढंच. आपण इकडं शेळी उलटली, म्हणजे बोकड लागूनही परत माजावर आली, की पहिलं नाव बोकडाचं घेतो, बोकड बदलतो, आणि पिशवीत काय चाललंय याचा विचारच करत नाही.

ग्रंथींना रस सोडायला लावतं प्रोजेस्टेरॉन, आणि ते येतं शेळीच्या अंडाशयावरच्या पीतपिंडातून, म्हणजे बीज सुटलं की त्या जागी जी गाठ तयार होते तिच्यातून. आणि इथं शेळी आणि मेंढी वेगळ्या आहेत हं. मेंढीत पन्नास-पंचावन्न दिवसांनंतर जार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते, शेळीत तसं नाही, शेळी अख्खे पाच महिने त्या पीतपिंडावरच असते. तो पिंड गेला की गाभणपण गेलं, मग दिवस कितीही झालेले असू देत. आणि तो पिंड टिकवायचा निरोप पण ते तरंगणारं बीजच पाठवतं. लांब व्हायला लागल्यावर ते एक प्रोटीन सोडतं, इंटरफेरॉन टाऊ नावाचं, त्यामुळं पिशवीतून पिंड मोडणारं प्रोस्टाग्लँडिन सुटत नाही, म्हणून 21 व्या दिवशी शेळी माजावर येत नाही. हे प्रोटीन पहिल्यांदा मेंढीत सापडलं 1982 मध्ये आणि ते इंटरफेरॉनच्या घराण्यातलं आहे हे 1987 मध्ये कळलं. हा निरोप ग्रंथींना पण पोचतो आणि त्या अजून जोरात कामाला लागतात, सर्पिन जातीची काही प्रोटीन तर गाभणपणातच भरपूर सुटतात, आईचं शरीर गर्भाला परकं समजून बाहेर टाकू नये यात त्यांचा हात असावा असं मानतात. म्हणजे बीज नीट खाऊन नीट लांबलं तरच निरोप वेळेत आणि जोरात जाणार, आणि निरोप गेला तरच पुढचं खाणं मिळणार. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे आणि सगळं पहिल्या वीस-बावीस दिवसांत ठरतं, जेव्हा आपल्याला बाहेरून काहीच दिसत नसतं.

यातून मॅडमनी जे कामाचं काढून दिलं ते म्हणजे तारखा लिहा. शेळी 18 ते 22 दिवसांत परत माजावर आली तर एक तर फळलीच नाही किंवा बीज निरोप द्यायच्या आधीच गेलं. पण 28, 30, 35 दिवसांनी उलटली तर बीज होतं, निरोप पण दिला होता, आणि मग मेलं. दोन्हीला आपण "उलटली" असंच म्हणतो पण कारणं वेगळी. पहिल्यात बोकड, माजाची वेळ, हे बघायचं. दुसऱ्यात त्या महिन्यात शेळीला काय खायला घातलं, काय औषध पाजलं, कुठं चालवत नेलं, ताप होता का, हे बघायचं. आमच्यात बोकड कळपातच सोडलेला असतो मग तारीख कशी कळणार, तर त्यालाही त्यांनी उपाय सांगितला आणि आम्ही तो करतोय, बोकडाच्या छातीला गेरू आणि गोडं तेल कालवून फासायचं. ज्या शेळीवर चढला तिच्या पाठीवर मागच्या बाजूला तांबडा डाग येतो, सकाळी धार काढायला गेलं की डाग बघायचा आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहायचा. तीन आठवड्यांनी गेरूऐवजी निळ लावायची. निळा डाग ज्यांच्यावर आला त्या उलटल्या. उस्मानाबादी काळी असते त्यामुळं तांबडा डाग ओला असताना चमकतो तेवढाच दिसतो, वाळला की नीट बघावं लागतं, म्हणून सकाळीच बघा.

तपासणीत आमच्या काय निघालं तर बऱ्याचशा गाभण, काही रिकाम्या, आणि एक वेगळीच. ही जी वेगळी होती ना तिच्यासाठी एकटीसाठी जरी मॅडम आल्या असत्या तरी मी पैसे दिले असते. चांगली दुधाची शेळी, माजावर येईना, पोट भरलेलं, सासूबाई पण म्हणत होत्या दोन हैत हिच्यात. पडद्यावर काळंच काळं पाणी, मोठे मोठे कप्पे, पण बांगडी एक पण नाही, गर्भ नाही, लुकलुकणं नाही. मॅडमनी आधी मूत्राशय आहे का म्हणून खात्री केली, कारण लघवी पण काळीच दिसते, शेळीला लघवी करू दिली आणि परत बघितलं. तसंच. खोटं गाभणपण निघालं. पीतपिंड मोडतच नाही, शरीराला वाटतं गाभण आहे, पिशवीत नुसतं पाणी साठत जातं. अशी शेळी पाच-पाच महिने आपण गाभण म्हणून खुराक घालत बसतो आणि मग एक दिवस मागून पाणी जातं आणि करडू काही नाही, मग लोक म्हणतात नजर लागली. इंजेक्शनानं पिंड मोडून पाणी काढता येतं आणि बऱ्याच शेळ्या नंतर परत फळतात. आमची पण नंतर माजावर आली.

पण तेच इंजेक्शन, नीट वाचा, तेच प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन गाभण शेळीला दिलं तर ती कुठल्याही महिन्यात गाभडते. वर सांगितलं तसं शेळी पाचही महिने त्या पिंडावरच असते म्हणून. आता सगळ्या शेळ्या एकदम माजावर आणायच्या म्हणून हे इंजेक्शन सर्रास वापरतात आणि ते चांगलंच आहे, करडं एका वेळी येतात, विक्री एकदम होते. पण आमच्या जवळच्या एका गावात एकानं न तपासता सगळ्या कळपाला दिलं, त्यातल्या कितीतरी आधीच गाभण होत्या, दोन-तीन दिवसांत गोठाभर गाभडल्या. कुणाचं नाव घेत नाही, त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. शेळीमागे दीडशे रुपये खर्चून ते टळलं असतं. माजावर आणायचं इंजेक्शन द्यायच्या आधी सोनोग्राफी, आणि बोकड नुकताच लागला असेल तर मशीनमध्ये काही दिसणारच नाही म्हणून आधी बोकड कळपातून बाहेर काढून 35 दिवस थांबायचं, मग तपासायचं, मग इंजेक्शन. हा क्रम मॅडम प्रत्येकाला सांगतात, आणि घाई करणाऱ्याला सरळ नाही म्हणतात हे मी स्वतः बघितलंय.

पहिल्या महिन्याचं पथ्य पण त्यांनी सांगितलं, ते या सेवेत फुकट मिळतं असं समजा. जंतनाशक बोकड लावायच्या आधी पाजून मोकळं व्हायचं, पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल तर अजिबात नाही, त्यानं गर्भात व्यंग येऊ शकतं. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी पण आधीच उरकायच्या, आंत्रविषाराचा पुढचा डोस मग विण्याच्या महिनाभर आधी. चारा एकदम बदलायचा नाही. माजावर यायच्या आधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवतो ते बरोबर, त्यानं बीजं जास्त सुटतात, जुळी वाढतात. पण फळल्यावर तोच खुराक अजून वाढवत नेला तर चांगलं होईल असं नाही. मेंढ्यांमध्ये बघितलंय की फळल्यानंतर फार खाऊ घातलं तर लिव्हरमधून रक्त जास्त फिरतं आणि प्रोजेस्टेरॉन तिथंच जास्त मोडलं जातं, रक्तात कमी उरतं. आणि प्रोजेस्टेरॉन कमी म्हणजे ग्रंथींचा रस कमी. उपाशी ठेवणं तर वाईटच. म्हणजे पहिला महिना आहे तसंच, सारखंच, तोच कडबा, तोच हरभऱ्याचा भुसा, तोच पाव किलो खुराक, तीच सावली. सुबाभूळ थोडीच, नुसती सुबाभूळ घालायची नाही. त्या महिन्यात टेंपोत घालून बाजार दाखवून आणायचं नाही, पाहुण्याच्या गावाला पाठवायचं नाही, भर उन्हात लांब चरायला न्यायचं नाही. खुराक खरा वाढवायचा तो शेवटच्या दीड महिन्यात, करडाची बरीचशी वाढ तेव्हाच होते, आणि जुळी-तिळी असतील तर तेव्हा कमी पडलं तर शेळी विण्याआधीच बसते, उठत नाही.

म्हणूनच करडं मोजून घेणं कामाचं आहे. जुळी असणाऱ्या वेगळ्या कप्प्यात घेतल्या आम्ही शेवटी शेवटी, त्यांना खुराक वेगळा. रिकाम्या निघाल्या त्यातल्या पहिलारू होत्या त्यांना परत बोकड लावला आणि एक म्हातारी विकली. पैशाचा हिशोब सरळ आहे, रिकाम्या शेळीला 35 व्या दिवसापासून विण्याच्या तारखेपर्यंत, म्हणजे अजून 115 दिवस, रोज पाव किलो खुराक घातला तर जवळजवळ 29 किलो होतो. तुमच्याकडच्या भावानं गुणून बघा आणि दीडशेशी ताडून बघा. शिवाय एक वेत वाया जातं ते वेगळंच.

आता अर्धा स्टार. पहिलं म्हणजे वेळ. सकाळी आठला येतो म्हणाल्या आणि अकराला आल्या. तीन तास उशीर माणसाला चालतो, पण तपासणीच्या आदल्या रात्रीपासून शेळ्यांना चारा द्यायचा नसतो, पोट रिकामं असलं की पिशवी नीट दिसते म्हणून, त्यामुळं तीस शेळ्या रात्रीपासून उपाशी आणि सकाळी अकरापर्यंत ओरडून ओरडून शेड डोक्यावर घेतलेलं. आणि त्यातल्या ज्या गाभण आहेत त्यांना पहिल्या दोन महिन्यांत जास्त वेळ उपाशी ठेवू नका हे त्याच सांगतात. मी हे त्यांना तोंडावर बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, आदल्या शेडवर अवघड वेत निघालं होतं म्हणाल्या, ते मला पटतं पण मग एक फोन करायचा. दुसरं म्हणजे कागद देत नाहीत. कुठल्या बिल्ल्याची गाभण, कुठली रिकामी, किती दिवसांची, हे सगळं व्हॉट्सॲपवर एक मेसेज. माझी वही होती म्हणून ठीक, पण ज्या आजींकडं साधा फोन आहे त्यांचं काय. छापील एक तक्ता दिला तर विमा, कर्ज, विक्री सगळीकडं कामाला येईल. तिसरं, करडांची संख्या शंभर टक्के धरू नका. एक सांगितलेल्या एका शेळीला दोन झाली, मॅडमनी आधीच सांगितलं होतं की दोन दिसली तर दोन नक्की, पण एक दिसलं तर मागं दुसरं लपलेलं असू शकतं. ते मी चूक म्हणून धरत नाही.

बाकी पर्याय काय आहेत ते पण लोक विचारतात. रक्ताची तपासणी असते, जारेच्या पेशी जी प्रोटीन आईच्या रक्तात सोडतात ती बघायची, फळल्यापासून साधारण महिन्याभरानंतर करतात. अमेरिकेतले शेळीवाले स्वतः रक्त काढून पोस्टानं लॅबला पाठवतात, तिकडं ते नेहमीचं आहे. आमच्या भागात जवळ कुठं मिळत नाही, आणि त्यात करडं किती ते कळत नाही. शिवाय गर्भ मेला किंवा शेळी नुकतीच व्यालेली असली तरी ती प्रोटीन काही दिवस रक्तात राहतात, त्यामुळं फसगत होऊ शकते. दुधातलं प्रोजेस्टेरॉन बघायची पण पद्धत आहे, 20-21 व्या दिवशी कमी निघालं तर गाभण नाही हे खात्रीनं कळतं, पण जास्त निघालं तर गाभणच असेल असं नाही, आमच्या त्या पाण्याच्या शेळीचं पण जास्तच निघालं असतं. सरकारी दवाखान्यात मशीन असेल तर तिथं न्या, उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजजवळ राहत असाल तर तिथं विचारा, तीस शेळ्या टेंपोत घालून नेण्यापेक्षा मात्र मशीन शेडवर आलेलं केव्हाही बरं, विशेषतः वर सांगितलेल्या त्या पहिल्या महिन्याच्या कारणानं.

मॅडमची एक सवय अजून सांगायची राहिली. एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जाताना बूट धुतात, प्रोब पुसतात, हातमोजे बदलतात, आणि कुठं गाभडलेली शेळी असेल तर आधी ती बाजूला करायला लावतात, तिला शेवटी हात लावतात. ब्रुसेला, म्हणजे शेळ्या गाभडवणारा जंतूंचा आजार, माणसाला पण होतो आणि गाभडलेल्या करडाला, जारेला उघड्या हातानं उचलणाऱ्या आपल्याकडं बायकाच असतात. सासूबाईंना त्यांनी हातमोज्यांची एक जोडी देऊन ठेवली, पैसे घेतले नाहीत.

बोलवणार असाल तर निदान आठ दिवस आधी फोन करा, पावसाळ्याच्या तोंडाला बोकड सोडलेले कळप भरपूर असतात त्यामुळं श्रावणात त्यांना वेळच नसतो. फोनवर बोकड कधी सोडला आणि कधी काढला त्या दोन्ही तारखा विचारतात, त्या हाताशी ठेवा. बिल्ले नसतील तर आदल्या दिवशी मारू नका, कान दुखत असतात आणि शेळी धरू देत नाही, गळ्यात रंगीत दोऱ्या बांधा. धरायला दोन माणसं लागतात, जागा सावलीची पाहिजे कारण उन्हात पडदा दिसत नाही. आणि आदल्या रात्री चारा बंद केला तरी पाणी ठेवा, आणि सकाळी निघताना फोन करा म्हणून मॅडमना दोनदा सांगून ठेवा.